पाठ्यपुस्तकांना पडदे लावल्याबाबत

माणसाने प्रशिक्षणाला जाऊ नये, आणि गेलंच तर जेवणानंतरच्या सत्रालाही बसावं. अर्धवट प्रशिक्षणाने जेवढं नुकसान होतं तेवढं निव्वळ अज्ञानाने होत नाही, हे मी स्वानुभवाने सांगते. निव्वळ अज्ञानाच्या जोरावर मी एकवीस वर्षं मुलांना वाचायला शिकवत होते आणि कोणाची काही तक्रार नव्हती.

माझी पद्धत साधी होती. मी एक ओळ वाचायची आणि वर्गाने ती माझ्यामागून म्हणायची. आमचा आवाज रस्त्यापलीकडच्या दातांच्या दवाखान्यात जायचा, आणि तिथले डॉक्टर म्हणत की खुर्चीत आ करून बसलेल्या माणसाला तेवढाच विरंगुळा. एकदा त्यांनी मला रस्त्यात थांबवून ‘शेळीच्या धड्याचा शेवट काय झाला हो?’ म्हणून विचारलं होतं. असा प्रतिसाद किती शिक्षकांना मिळतो?

या सगळ्या आवाजात एक आवाज वरचढ होता. तो होता एका सात वर्षांच्या मुलीचा, जिला मी कौतुकाने ‘रेडिओ’ म्हणायची. अंगाने काडी, पण उभी राहून धडा वाचायला लागली की शेजारच्या वर्गातली मुलं गप्प व्हायची. ना अडखळणं ना थांबणं. पहिलीत असताना मीच तिला उत्कृष्ट वाचनाचं प्रशस्तिपत्र दिलं होतं. तिचे आजोबा शिंपी. शाळेच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं, आणि ते प्रशस्तिपत्र त्यांनी फ्रेम करून शिलाई मशीनच्या बरोबर वर टांगलं होतं. माप द्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला हात वर करायला लावायचे आणि तेवढ्यात नातीकडून एक धडा ऐकवायचे. टेप काखेत असताना माणूस पळून तरी कुठे जाणार?

मी दुसरीतही याच मुलांना शिकवत होते, कारण आमच्याकडे बाई वर्गाबरोबर वर सरकतात. तर दुसरीच्या सुरुवातीला प्रशिक्षणाचं पत्र आलं. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, कोणी जायचं ते ठरवायला चिठ्ठ्या टाकल्या. नऊच्या नऊ चिठ्ठ्यांवर माझंच नाव होतं असा मला दाट संशय आहे, पण बाकीच्या आठ उघडून बघायची आपल्याकडे पद्धत नाही.

प्रशिक्षण द्यायला माझ्या भाचीच्या वयाची एक तज्ज्ञ मुलगी आली होती. मी मनात म्हटलं, हिने पाटी धरायच्या आधीपासून आम्ही खडू झिजवतोय. पण मुलगी हुशार निघाली. ती म्हणाली, बोलणं मूल ऐकून ऐकून शिकतं, वाचणं तसं आपोआप येत नाही. आधी शब्दातले आवाज कानाला सुटे सुटे ऐकू आले पाहिजेत, मग त्या आवाजाला अक्षर जोडायचं. सगळी मुळाक्षरं ओळीने संपेपर्यंत थांबायचं नाही. चार-पाच अक्षरं, दोन स्वरचिन्हं, की लगेच शब्द वाचायला द्यायचे. आणि पुष्कळ मुलं वाचत नसतातच, ती चित्र बघून अंदाज करतात किंवा पाठ म्हणतात. मी वहीत ‘चित्र = अंदाज’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या.

तिसऱ्या दिवशी जेवणानंतर शेवटचं सत्र होतं. पण उपस्थितीच्या दाखल्यावर शिक्का लागणार होता, शिक्का कपाटात होता, आणि कपाटाची किल्ली घेऊन कारकून चहाला गेला होता. शिक्का नसला तर मी तीन दिवस कुठे होते हे आमची शाळा मान्य करत नाही. मी दोन तास त्या कपाटासमोर उभी राहिले. शिक्का मिळाला तेव्हा लोक टाळ्या वाजवून उठत होते, मीही दारातून वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी वर्गात पाऊल टाकलं ते संशोधकाच्या थाटातच. पहिला प्रयोग अर्थात रेडिओवर. म्हटलं, उत्तम वाचकापासून सुरुवात करावी, म्हणजे बाकीच्यांना धीर येईल.

“पान नऊ काढ. आणि चित्रावर हात ठेवून वाच.”

ती उठली, हात ठेवला आणि सुरू झाली. “शेळी हळूहळू कुंपणाजवळ आली. तिने मान वर केली आणि, ए खिडकीतल्या, पाय खाली घे, आणि ती म्हणाली, हिरवा पाला किती छान!”

मला वाटलं, ती कोणाला तरी दटावते आहे. पण खिडकीत कोणी नव्हतं. खिडकीतला मुलगा गेल्या आठवड्यात होता, आणि त्याला दटावलं होतं मी, शेळी कुंपणाजवळ आलेली असताना. रेडिओने धडा माझ्या रागासकट, माझ्या खोकल्यासकट उचलला होता. मी जवळ जाऊन तिचं पुस्तक बघितलं. पान नऊ कोरं होतं. छापखान्यात ते पान तसंच सुटलं होतं. ना चित्र, ना अक्षर. पोरीने पांढऱ्याशुभ्र कागदावर हात ठेवून आख्खा परिच्छेद वाचून दाखवला होता.

इथे शहाण्या बाईने काय करावं? पुस्तक मिटावं, ‘छान, बस’ म्हणावं आणि विचार करावा. मी भर वर्गात ओरडले, “अगं, हे तर कोरं आहे! तुला वाचता येतच नाही!”

वर्ग हसला. तीस मुलं मोकळेपणाने, मनापासून हसली. रेडिओने एकदा पानाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि खाली बसली. त्या दिवसापासून ती बोलायची बंद झाली. हजेरीला नुसता हात वर करायची. मागून म्हणायचा धडासुद्धा म्हणेना. वर्गाचा आवाज एवढा पडला की दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कोणी आजारी आहे का म्हणून विचारलं. माझी मलाच लाज वाटत होती. जिला मी स्वतःच्या हाताने प्रशस्तिपत्र दिलं तिला मीच चारचौघांत उघडं पाडलं होतं, आणि चूक तर सगळी माझी होती. सव्वा वर्ष मी तिला वाचायला शिकवलंच नव्हतं, मी तिला मला पाठ करायला लावलं होतं.

मग मी बाकीच्या तीस जणांना एकेक करून तपासलं. खरोखर वाचणारे निघाले चार. त्यातलाही एक घरी शिकून आला होता.

अशा वेळी माणसाला पश्चात्ताप होतो, आणि पश्चात्ताप झालेल्या माणसाइतका उत्साही माणूस दुसरा नसतो. मी पहिल्यापासून सुरुवात करायची ठरवली. क, म, न, ल आणि आ ही पाच अक्षरं, काना आणि वेलांटी. शब्दातले आवाज टाळ्यांवर मोजायचे. आठवड्यात पालकांची रांग लागली. पोरं घरी नुसत्या टाळ्या वाजवतात, इथपासून सुरुवात. एका किराणा दुकानदाराने तर मला टेबलाशी गाठून विचारलं, “बाई, याला क येतो आणि एकदम म येतो. मधला माल कुठे गेला?”

“येणार आहे मागून,” मी म्हटलं.

“आमच्याकडे असं सांगणाऱ्या माणसाला आम्ही दुसऱ्यांदा ऑर्डर देत नाही,” तो म्हणाला.

एवढ्या अक्षरांत वाचता येईल अशी गोष्ट कुठल्याही पुस्तकात नव्हती, म्हणून ती मी स्वतः लिहिली. ‘मामा आला. मामी आली. काका आला. काकी आली. नाना आला. नानी आली.’ घरी मोठ्या अभिमानाने वाचून दाखवली. सासूबाईंनी भाजी निवडता निवडता ऐकून घेतली आणि विचारलं, “एवढी माणसं आली आणि कोणी पाणीसुद्धा विचारलं नाही?”

“प आणि ण अजून शिकवायचेत, आई.”

“मग शिकवून झाल्यावर बोलवायचं होतं त्यांना.”

समोरच्या घरात एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. त्यांना आम्ही ‘गुरुजी’ म्हणतो, आणि सल्ला देण्यातून ते निवृत्त झालेले नाहीत. त्यांनी कागद हातभर लांब धरून गोष्ट दोनदा वाचली. “पात्रं भरपूर आहेत,” ते म्हणाले, “पण बोध काय?” मी म्हटलं, बोध नाही, सराव आहे. त्यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू मीच ती सगळी माणसं त्यांच्या घरी पाठवली आहेत. सहावीपर्यंत त्यांच्याकडे शिकलेले लोक आज कुठे कुठे आहेत हे त्यांनी मला तासभर सांगितलं, आणि त्यातल्या एकाचाही क नंतर म आला नव्हता.

आता चित्रांकडे वळते. वहीतलं ‘चित्र = अंदाज’ मला स्वस्थ बसू देईना. शत्रू सापडला की माणसाला बरं वाटतं. माझा शत्रू म्हणजे धड्यावरची चित्रं. मी एकतीस पुस्तकांतल्या चित्रांवर पांढरे कागद चिकटवले. सकाळी बघते तर डिंकाने शेजारशेजारची पानं एकमेकांना घट्ट धरून बसलेली. सोडवताना सहा धडे फाटले. मग कागद टाचण्यांनी लावले, आणि दोन दिवसांत मोठ्या बाईंच्या खोलीतला मलम संपला.

तिसरा उपाय सुचवला खुद्द शिंपी आजोबांनी. नात का बोलेनाशी झाली ते विचारायला ते शाळेत आले होते. मला खरं सांगायचा धीर झाला नाही. मी आपली नव्या पद्धतीबद्दल, चित्रांबद्दल भराभर बोलत सुटले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एक पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं.

“बाई, कागद कशाला? पडदे शिवून देतो. पडदा कसा, हवा तेव्हा सारता आला पाहिजे.”

आणि दिले! एकतीस पुस्तकं, प्रत्येकी बावीस चित्रं. चिंध्यांच्या पोत्यातले शर्टाचे चौकडे, कोटाचं अस्तर, फ्रॉकची फुलं, सगळ्याचे बोटभर पडदे, वरून बारीक नाडी ओवलेली. काम इतकं देखणं होतं की नाही म्हणवेना. फक्त मशीनची सुई पानाच्या आरपार गेली होती, त्यामुळे चित्रामागच्या पानावरच्या मजकुरात टाके आले होते. शेळीच्या धड्यात शेळीला चार ठिकाणी टाके पडले होते.

त्या दिवशी वर्गात कोणी एक अक्षर वाचलं नाही. एकतीस मुलं पडदे सारत आणि लावत बसली. जी चित्रं आजवर कोणी धड बघितली नव्हती ती आता डोळे फाडून बघणं चाललं होतं. फक्त रेडिओने पुस्तक उघडलंच नाही.

आमच्याकडे पाठ्यपुस्तकं वर्षअखेर परत करायची असतात. त्या नोंदवहीत ‘फाटले’, ‘भिजले’ आणि ‘हरवले’ असे तीन रकाने आहेत. मोठ्या बाईंनी एक पडदा बोटाने सारून आत बघितलं, मग नोंदवही बघितली, आणि म्हणाल्या, “हे कुठे लिहू?” रकाना सापडेना म्हणून त्यांनी वर विचारणा केली. ही चूक सरळ माणसंच करतात. आठ दिवसांत मला लखोटा आला. विषय: पाठ्यपुस्तकांना पडदे लावल्याबाबत. खुलासा सात दिवसांत द्यावा. वर्षअखेर अधिकारी येऊन प्रत्येक मुलाचं एक मिनिट वाचन घेतील. वर्गाची सरासरी मिनिटाला तीस शब्दांच्या खाली आली तर वर्ग माझ्याकडून काढून घेऊन मला पुस्तकभांडारात बसवण्याचा विचार करण्यात येईल.

खुलासा लिहायला गुरुजी आपणहून आले. त्यांचा मसुदा अकरा पानी झाला आणि आदिमानवाने गुहेत काढलेल्या चित्रांपासून सुरू झाला. चौथ्या पानावरही मी जन्मलेली नव्हते. मी त्यांचे आभार मानले, कागद बाजूला ठेवले आणि त्या तज्ज्ञ मुलीला फोन लावला.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, “बाई, पण चित्रं झाकायला कोणी सांगितलं?”

“तुम्हीच तर म्हणालात, मुलं अंदाज करतात.”

“अक्षर वाचायच्या ऐवजी अंदाज नको, एवढंच. चित्रावर बोलायचं, गोष्टी वाचून दाखवायच्या, प्रश्न विचारू द्यायचे. वाचलेलं कळायला नको का? शेवटच्या दिवशी जेवणानंतर दोन तास मी तेच तर सांगत होते.”

मी म्हटलं, बरोबर आहे. शिक्क्याचं काही बोलले नाही.

संध्याकाळी एकतीस पुस्तकं दोन पिशव्यांत घालून मी शिंप्याच्या दुकानात गेले. त्यांनी मला एक ब्लेड दिलं आणि आम्ही समोरासमोर बसून टाके उसवायला लागलो. रेडिओ कोपऱ्यात पाटावर बसून बटणं निवडत होती. वर भिंतीवर ते प्रशस्तिपत्र. शेवटी मला राहवलं नाही. मी त्यांना कोऱ्या पानाचं सगळं सांगितलं, मुलं हसली तेही सांगितलं.

ते ब्लेड हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. “म्हणजे, वाचन म्हणजे पाठ म्हणणं नव्हे?”

“नव्हे,” मी म्हटलं.

“मी शाळेत गेलो नाही, बाई. आमच्या घरात सगळं डोक्यात. कोणाचं कापड कुठलं, माप काय, मी लिहून ठेवत नाही, ही पोरगीसुद्धा ठेवत नाही. मला वाटलं, शाळेत पाठ करून घेतात आणि पुस्तक पुढे धरतात ते मान म्हणून. मीच तिला सांगायचो, असं पाठ कर की पुस्तकाकडे बघावंसुद्धा लागू नये.” त्यांनी ब्लेड खाली ठेवलं. “पोरीने आपल्या दोघांचंही ऐकलं हो.”

मी उठून पाटाजवळ खाली बसले. गुडघे वाजले, पण बसले. “मी तुला सगळ्यांसमोर ओरडले,” मी म्हटलं, “ते चुकलं माझं. तुला येत नाही ही तुझी चूक नाही. मी शिकवलंच नव्हतं. आता शिकवू?”

ती बटणं निवडत राहिली. मी पिशवीतून शब्दाचं एक कार्ड काढून तिच्यापुढे ठेवलं आणि आपली टाके उसवायला लागले. बऱ्याच वेळाने मागून आवाज आला, अगदी बारीक, दवाखान्यापर्यंत मुळीच जाणार नाही असा. “ना.” मग खूप वेळ काही नाही. “क.” मग पुन्हा, “ना… क.” मी मान वळवून बघितलं. तिचा हात स्वतःच्या नाकावर होता. तिने कार्ड उलटं करून मागे बघितलं, हा शब्द आला कुठून म्हणून. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी ब्लेडवर ढकललं.

पुढचे सहा महिने सोपे नव्हते. मिळालेली विद्या सोडून नवी धरायची म्हणजे काय, हे मला पन्नाशीत कळत होतं, तिला सातव्या वर्षी. ज्या मुलीला आख्खा धडा एका श्वासात येत होता ती एका ओळीला घामाघूम व्हायची. पण अक्षर सोडायची नाही. यथावकाश प आला, ण आला, आणि माझ्या गोष्टीतल्या पाहुण्यांना पाणी मिळालं. सासूबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. बाकीची मुलंही वाचायला लागली. दुकानदाराचा मुलगा दुकानातल्या सगळ्या खोक्यांवरची अक्षरं मोठ्याने वाचायचा, त्यामुळे कुठल्या डब्याची तारीख उलटली आहे हे गिऱ्हाइकांना कळायला लागलं, आणि दुकानदाराने नवी तक्रार केली.

तपासणीच्या दिवशी अधिकारी साहेब आले ते आंबट तोंडानेच. एका हातात फाईल, एका हातात डब्याची पिशवी. पिशवी त्यांनी माझ्या टेबलावर आदळली, खिशातून मिनिटाला वाजणारं घड्याळ काढलं आणि पहिलं नाव पुकारलं. मुलं एकेक करून वाचून गेली. मी पाठीमागे बोटांवर बेरीज करत होते. तीस मुलं झाली तेव्हा सरासरी एकोणतिसाच्या थोडी वर होती. रेडिओ उरली होती. नवा मजकूर ती मिनिटाला सात-आठ शब्द वाचायची. पाठ असलेला धडा म्हणाली असती तर साठाच्या वर.

मी जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. “हिला शेळीचा धडा द्या साहेब,” मी म्हटलं, “तिला आवडतो.” आणि पुस्तक मीच उघडून तिच्या हातात दिलं, छापलेल्या पानाचं.

तिने पुस्तक घेतलं. घड्याळ सुरू झालं. तिने पानाकडे बघितलं, मग वर माझ्याकडे.

“बाई, हे मला पाठ आहे. दुसरं द्या.”

साहेबांनी घड्याळ थांबवलं. त्यांनी फाईलमधून तपासणीचं कार्ड काढलं. तिने पहिली ओळ बघितली. “हेही पाठ आहे. तिसरीतली मुलं म्हणतात.” दुसरं कार्ड, तिसरं कार्ड. वर्षानुवर्षं तीच पाच कार्डं सगळ्या शाळांत फिरत होती, आणि आमच्या पटांगणात त्यांच्यावर दोरीच्या उड्या मारल्या जात होत्या. साहेबांनी भिंतीवरचे तक्ते दाखवले. तेही पाठ. ते वैतागले, डब्याच्या पिशवीत हात घातला आणि घडी घातलेली एक चिठ्ठी काढली.

“घे. आमच्या मंडळींची रोजची चिठ्ठी. डबा परत आणा, एवढंच असतं तिच्यात. मी उघडतसुद्धा नाही. अक्षर मोठं आहे. वाच.”

तिने घडी उघडली आणि पहिल्या अक्षराखाली बोट ठेवलं. घड्याळ सुरू झालं.

“चा… वी. चावी. शे… जा… री. ठे… व… ली… आ… हे.” एकेका अक्षरावर ती उभी राहायची, मागे जायची, जोडून पुढे यायची. कोऱ्या पानाला हसलेलं एकही पोर हसत नव्हतं, त्यांना आता ठाऊक होतं ती काय करते आहे. “ड… बा. प… र… त. आ… णा.”

घड्याळ वाजलं. सात शब्द. साहेबांनी तक्त्यात सात लिहिले आणि माझ्या डोक्यातली सरासरी तिसाच्या खालीच राहिली. (वर्ग माझ्याकडेच राहिला. तो काढून घ्यायचा तर दुसऱ्या कोणाला द्यावा लागला असता, आणि बाकीच्या आठजणी एकाच दिवशी रजेवर गेल्या.) साहेबांनी चिठ्ठीसाठी हात पुढे केला. पण तिने दिली नाही. तिचं बोट खालच्या ओळीवर होतं.

“थांब बाळ, मिनिट झालं.”

“अजून आहे,” ती म्हणाली. “मी. रा… गा… व… ले… ली.” ती मागे गेली. “रागावलेली. ना… ही. नाही.” तिने श्वास घेतला, बोट पुन्हा ओळीच्या सुरुवातीला आणलं आणि सगळं एकत्र म्हणाली. “मी रागावलेली नाही.”

साहेबांचा पुढे केलेला हात तसाच राहिला.

रेडिओ कागदाकडे बघत विचार करत होती. सव्वा वर्ष तिने मला पुस्तकंच्या पुस्तकं म्हणून दाखवली होती आणि त्यातल्या एका वाक्याबद्दल कधी काही विचारलं नव्हतं. शेळी कुंपणाजवळ का आली हेसुद्धा नाही.

“कोणावर?” तिने विचारलं.

“माझ्यावर,” साहेब म्हणाले. मग म्हणाले, “शेवटचं… पुन्हा एकदा वाच बरं.”

तिने चिठ्ठीकडे बघितलं आणि मान हलवली. “आता ते मला पाठ झालं,” ती म्हणाली आणि कागद त्यांच्या हातात ठेवला. “तुम्ही वाचा.”

साहेबांनी चष्मा लावला. तीनच शब्द होते, पण त्यांना फार वेळ लागला.